आर्किटेक्ट आणि इंटिरिअर डिझायनर यांच्या निरंतर शिक्षणाची सक्ती असावी का?

ओळंबा
दादरला माझे लहानसे कार्यालय आहे. निम्मे काम पुनर्विकासाचे आणि निम्मे घरांच्या अंतर्गत सजावटीचे असते. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाखाली झालेली आपली नोंदणी ठरावीक मुदतीने शुल्क भरून पुढे चालू राहते, परंतु मधल्या काळात तुम्ही नवीन काय शिकलात, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेच्या सदस्याला वर्षाला १८ शिक्षण-एकके पूर्ण करावी लागतात आणि त्यांतील १२ आरोग्य, सुरक्षितता व लोककल्याण या विषयांचीच असावी लागतात. ब्रिटनमधील रिबा ही संस्था सदस्यांकडून वर्षाला ३५ तासांची अपेक्षा ठेवते.

आपल्याकडे बदल कमी होतात म्हणून हे लागत नाही, असे म्हणण्याची सोय नाही. मुंबईची १९९१ ची बांधकाम नियमावली शिकून बाहेर पडलेल्यांना २०१२ मध्ये फंजिबल एफएसआय (एफएसआय म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात बांधता येणारे चटईक्षेत्र; फंजिबल म्हणजे त्यावर शुल्क भरून मिळणारे वाढीव) समजून घ्यावा लागला आणि २०१८ मध्ये डीसीपीआर २०३४ ही नवी नियमावली आल्यावर जवळजवळ सगळेच पुन्हा वाचावे लागले. दरम्यान २०१६ ची राष्ट्रीय बांधकाम संहिता आली, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला, रेरा हा स्थावर संपदा नियमनाचा कायदा आला.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला शीर्षकातच आहे. दुसरा घरगुती आहे. कार्यालयात एक बी.आर्क. झालेला मुलगा आणि एक इंटिरिअरची पदविका घेतलेली मुलगी, असे दोन सहायक आहेत. त्यांच्या शिक्षणासाठी यंदा थोडी रक्कम बाजूला काढली आहे. ती कशावर खर्च करावी? कृपया अभ्यासक्रमांच्या जाहिराती येथे टाकू नयेत.

लंडनस्थ_पार्लेकर
३५ तासांचा अनुभव घेणाऱ्यांपैकी मी एक आहे. त्यातला मोठा भाग दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पूर्ण होतो. एखादा फरशी किंवा छताचे साहित्य बनवणारा उत्पादक सर्वांसाठी सँडविच घेऊन कार्यालयात येतो, तासभर बोलतो, आपण सही करतो आणि नोंद होते. काही व्याख्याने खरोखर चांगली असतात. मात्र वक्ता आपलेच उत्पादन विकायला आलेला आहे, हे विसरून चालत नाही.

ब्रिटनमध्ये नोंदणी करणारे मंडळ आणि रिबा या दोन वेगळ्या संस्था आहेत. मंडळाने २०२४ पासून स्वतःची योजना लागू केली आणि तिच्यात तासांची अट ठेवलेलीच नाही. आपण काय शिकलो आणि त्याचा कामात काय उपयोग झाला, हे लिहून ठेवावे लागते. सुरुवातीला मला ते शाळेतल्या निबंधासारखे वाटले. पण लिहायला बसल्यावर कोणत्या व्याख्यानातून हाती काहीच लागले नाही, हे लपवता येत नाही.

खुर्चीसम्राट
पार्लेकर, आपण उगाच परदेशाचे कौतुक करता. मुंबईत ही व्यवस्था कितीतरी पुढे गेलेली आहे. येथे सँडविचऐवजी तारांकित हॉटेलातला बुफे असतो. लॅमिनेटच्या व्याख्यानाला शेवटच्या स्लाइडपर्यंत सभागृह भरलेले राहते, कारण जेवणाची कुपने त्यानंतर वाटली जातात.

ठाणेकर_वास्तु
सक्तीला माझा स्पष्ट विरोध आहे. तीन माणसांच्या कार्यालयात एक माणूस दिवसभर प्रशिक्षणाला गेला, तर त्या दिवशी साइटवर कोण जाणार? आधीच नोंदणी करणारी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, महापालिका, रेराचे फॉर्म १ चे प्रमाणपत्र आणि जीएसटी यांच्या कागदपत्रांत आठवडे जातात. त्यात तासांची वही भरण्याचे काम वाढले, तर मोठ्या फर्म त्यासाठी एक माणूस नेमतील आणि आमच्यासारखे कोणाकडून तरी प्रमाणपत्रे विकत आणतील. ती विकणारी दुकाने सक्तीच्या दुसऱ्याच महिन्यात उघडतील, याविषयी मला शंका नाही.

शिवाय काम स्वतःच शिकवते. मुलुंड चेकनाका ओलांडला की मुंबईची नियमावली संपते आणि राज्याच्या इतर शहरांसाठी २०२० पासून लागू असलेली यूडीसीपीआर ही एकत्रित नियमावली सुरू होते. जिन्याची, पार्किंगची, मोकळ्या जागांची गणिते दोन्हीकडे वेगवेगळी आहेत. कोणी वर्ग घेतला म्हणून आम्ही ती शिकलो नाही. चूक असेल तर प्रस्ताव परत येतो, म्हणून शिकलो.

सांगाडा
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ठाणेकरांच्या शेवटच्या वाक्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मला तोच मुद्दा सर्वांत धोक्याचा वाटतो. परत आलेला प्रस्ताव फक्त तेच शिकवतो, जे तपासले जाते. मंजुरीच्या टप्प्यावर एफएसआय काटेकोरपणे तपासला जातो. पण ताबा मिळाल्यावर फ्लॅटमध्ये जे काम चालते, त्याकडे सोसायटीच्या सुरक्षारक्षकाशिवाय कोणाचे लक्ष नसते.

जुनी फरशी न काढता तिच्यावर नवी बसवण्याचे उदाहरण घ्या. चाळीस मिलिमीटर मसाला आणि दहा मिलिमीटरची फरशी मिळून चौरस मीटरला सुमारे १०० किलो भार वाढतो. निवासी खोलीसाठी आपण माणसे आणि सामान मिळून धरतो तो भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतो. म्हणजे त्याचा निम्मा एका हौसेत संपला. त्यात न्हाणीघराचा खोलगट स्लॅब विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो, आणि कोठे तरी साडेचार इंची विटेची नवी भिंत उभी राहते. तीन मीटर उंचीच्या अशा भिंतीचे वजन दर धावत्या मीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास जाते. तीच भिंत हलक्या एएसी ब्लॉकची किंवा जिप्सम बोर्डची करता येते, हे ठाऊक असलेले लोकही सवयीने वीट लिहितात.

नव्या टॉवरांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ॲल्युमिनियम फॉर्मवर्क, म्हणजे आपण ज्याला मिवान म्हणतो, त्या पद्धतीत खोल्यांमधल्या बहुतेक भिंती काँक्रीटच्या असतात आणि त्या इमारतीचा भार वाहतात. आतल्या भिंती विटेच्या आणि म्हणून पाडण्याजोग्या, असे महाविद्यालयात शिकलेला माणूस येथे स्वयंपाकघर मोकळे करण्यासाठी सरळ हातोडा चालवायला सांगतो. काही इमारतींत पोस्ट-टेन्शन स्लॅब असतात, ज्यांत ताणलेल्या तारा असतात. फॉल्स सीलिंगच्या हँगरसाठी किंवा एसीच्या पाइपसाठी न विचारता भोक पाडले आणि तार तुटली, तर स्लॅबची ताकद त्या पट्ट्यात कमी होते आणि तार सुटताना समोरचा कामगारही जखमी होऊ शकतो. हे ज्ञान गेल्या काही वर्षांत आवश्यक झाले आहे. पूर्वी पदवी घेतलेल्यांनी ते कोठे घ्यावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

सोसायटी_सेक्रेटरी
मी या व्यवसायातली नाही, पण आमच्या सोसायटीत नूतनीकरणाच्या परवानगीचे अर्ज माझ्याकडे येतात. अर्जासोबत आर्किटेक्टचे पत्र असले तर आम्ही निश्चिंत होतो. सांगाडा यांचा प्रतिसाद वाचून ती निश्चिंती कमी झाली. इंटिरिअर डिझायनरच्या पत्राचे वजन किती मानायचे? त्यांचीही कोठे नोंदणी असते का?

रंगरेषा
मी इंटिरिअर डिझायनर आहे, तेव्हा उत्तर मीच द्यावे. आमच्या व्यवसायासाठी वेगळा केंद्रीय कायदा नाही. १९७२ साली स्थापन झालेली इंटिरिअर डिझायनरांची अखिल भारतीय संस्था मुंबईतच आहे आणि ती व्याख्याने, कार्यशाळा घेते, परंतु तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. सदस्य नसलेली व्यक्ती उद्या सकाळी पाटी लावू शकते.

आर्किटेक्टांचीही स्थिती वाटते तितकी बंदिस्त नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की अधिनियमाच्या कलम ३७ मुळे नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी वापरता येत नाही, पण त्या स्वरूपाचे काम करण्यास ते कलम मनाई करत नाही. मग सक्ती कोणावर करणार? जे आधीच नोंदणीकृत आहेत, त्यांच्यावर. भिंत फोडणारा बहुतेक वेळा त्यांच्यात नसतोच; तो घरमालकाने थेट नेमलेला कॉन्ट्रॅक्टर असतो.

सांगाडा, तुमचे सर्व मुद्दे मान्य आहेत; फक्त रोख थोडा एकतर्फी आहे. मिवानच्या टॉवरमध्ये ग्राहकाकडे स्ट्रक्चरल नकाशा मागितला, तर तो विक्रीच्या माहितीपत्रकातला रंगीत आराखडा पाठवतो. माहिती हाती नसताना केवळ प्रशिक्षण घेऊन काय साधेल?

सांगाडा
नकाशा मिळत नाही, हे खरे आहे. पण नकाशा नसताना भिंतीला हात लावायचा नाही, हे प्रशिक्षणच शिकवते. सेक्रेटरीबाई, आपण परवानगीच्या अर्जात एकच ओळ वाढवा: कोणतीही भिंत पाडायची किंवा स्लॅब-बीममध्ये भोक पाडायचे असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत जोडावे.

चुनखडी
चर्चा सक्तीवरच अडकली आहे, म्हणून मागचे थोडे सांगतो. फोर्टमध्ये कार्यालय असलेल्या आपल्या वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेचे मूळ १९१७ मध्ये मुंबईच्या सर जे.जे. कलाशाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या मंडळात आहे आणि गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट त्याचे पहिले अध्यक्ष होते. शिक्षण संपल्यावरही एकत्र जमावे, एकमेकांची कामे पाहावीत, यासाठी लोक कोणी न सांगता एकत्र आले होते. वास्तुविशारद अच्युत कानविंदे जे.जे.तून शिकून बाहेर पडल्यावर हार्वर्डला आधुनिक वास्तुकलेचे अध्वर्यू ग्रोपियस यांच्याकडे गेले आणि परत आल्यावर त्यांचे काम बदलले. अर्थात सर्वांना हार्वर्ड परवडत नाही, हे मलाही कळते.

माझे काम जुन्या इमारतींच्या जतनाचे आहे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतालच्या गॉथिक व आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत आल्या, तरी चुन्याच्या कामाविषयी पदवी अभ्यासक्रमात फार तर एखादे व्याख्यान असते. जुन्या दगडी किंवा विटेच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतला ओलावा बाहेर पडण्याची वाट बंद होते, क्षार गिलाव्याच्या मागे स्फटिकरूप घेतात आणि काही पावसाळ्यांत दगडाचा पृष्ठभागच पापुद्र्यांनी सुटू लागतो. हे पुस्तकातही आहे. परंतु चुना किती दिवस भिजवावा, मळलेला चुना थापीवर कसा बसला म्हणजे तयार समजावा, हे मी एका वृद्ध गवंड्याकडून शिकलो, आणि त्याच्याबरोबर घालवलेल्या वेळाला कोणत्याही तासांच्या वहीत रकाना नाही. सक्ती आणायचीच असेल, तर अशा शिक्षणाची नोंद करण्याची सोय तीत असली पाहिजे.

ठाणेकर_वास्तु
चुनखडी, आपल्या गवंड्याविषयी आदर आहे, पण कारागिराकडून शिकण्याचे इतके गोडवे गाऊ नयेत. कारागीर जितके बरोबर शिकवतो तितकेच चुकीचेही आत्मविश्वासाने शिकवतो. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून ठेवण्याची चाचणी किमान दोन दिवस तरी व्हावी, असे सांगितले तर मिस्त्री हमखास म्हणतो, “साहेब, रात्रभर ठेवले, काही होत नाही.” खालच्या घरातल्या छताला डाग येतो तेव्हा तो दुसऱ्या साइटवर असतो.

प्लायचेही तसेच. मरीन प्लायसाठीच्या आय.एस. ७१० मध्ये नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवण्याची चाचणी आहे, हे सुताराला माहीत नसते. तो फळी वाजवून दर्जा सांगतो आणि आपण मान डोलावतो.

खुर्चीसम्राट
फळी वाजवून दर्जा सांगण्याच्या कौशल्याला किती एकके द्यावीत, याचा निर्णय या धाग्यावरच व्हावा. बुफेला दोन मिळत असतील, तर याला निदान तीन हवीत.

लंडनस्थ_पार्लेकर
गमतीत एक गंभीर गोष्ट राहून जाऊ नये. ब्रिटनमधल्या मंडळाला ही योजना आणण्याचा अधिकार २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने मिळाला, आणि तो कायदा १४ जून २०१७ च्या, लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या आगीनंतर आला. त्या आगीत ७२ माणसे गेली. इमारत १९७० च्या दशकातली होती; आग पसरली ती आदल्याच वर्षी पूर्ण झालेल्या नूतनीकरणात बाहेरून लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पॅनेलमुळे. त्या पॅनेलांच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलिथिलीनचा ज्वलनशील गाभा होता. ही सामग्री धोकादायक आहे हे वास्तुविशारदांनी ओळखले नाही, असा ठपका चौकशीच्या २०२४ च्या अंतिम अहवालात आहे. 

मुंबईत एसीपी, म्हणजे अशीच ॲल्युमिनियमची पॅनेल, लावलेले दर्शनी भाग मोजायला बसलात, तर अंधेरीपासून लोअर परळपर्यंत मोजतच राहाल. तो निवडताना गाभा कशाचा आहे, हे किती जण विचारतात?

ओळंबा
पार्लेकरांनी लोअर परळचे नाव घेतलेच आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलमधील गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले; त्यांतील अनेक जण स्वच्छतागृहात गुदमरले. बाहेर पडण्याची वाट कोठे आहे, ती अंधारात आणि धुरात सापडेल का, डोक्यावरचे छत कशाचे आहे, हे सर्व प्रश्न आतली रचना करणाऱ्याच्या टेबलावर सुटायला हवेत. फ्लॅटच्या दाराबाहेर लॉबीत चपलांचे लाकडी कपाट रेखाटताना आपल्यातले किती जण सुटकेच्या वाटेचा विचार करतात?

रंगरेषा यांचा सक्ती कोणावर, हा प्रश्न मला अडवतो आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

नवशिकी
मी एका कार्यालयात दुसऱ्या वर्षाला काम करते. आपण सगळे वरिष्ठ आहात, म्हणून आमच्या बाजूने थोडे लिहिते. आमच्याकडून सतत शिकत राहण्याची अपेक्षा असते, पण ते शिकणे रविवारी, स्वतःच्या पैशाने आणि लॅपटॉपसमोर व्हावे, असे गृहीत धरले जाते. वेबिनार संपला की प्रमाणपत्र येते आणि सोमवारी मी जुन्या प्रकल्पातला टॉयलेटचा तपशील नव्या नकाशात जसाच्या तसा चिकटवते, कारण तो तसा का आहे हे समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो.

ठाणेकर सर ज्या पाणी भरण्याच्या चाचणीविषयी लिहितात, तिच्याविषयी मी नकाशावर टीप लिहिलेली आहे. प्रत्यक्ष चाचणी मात्र पाहिलेली नाही, कारण साइटवर सुपरवायझर जातात. ओळंबा सर, आपल्या दोन्ही सहायकांना एकदा विचारा की नकाशात ते काढतात त्यांपैकी कोणती गोष्ट त्यांनी बांधली जाताना पाहिलेली नाही. ती यादी बरीच लांब निघेल.

चुनखडी
नवशिकी यांचा प्रतिसाद या धाग्यावरचा सर्वांत उपयुक्त आहे.

रंगरेषा
ओळंबा यांच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून सांगते. ती रक्कम रेंडरिंगच्या, म्हणजे खोलीची हुबेहूब चित्रे बनवण्याच्या, नव्या सॉफ्टवेअरवर मुळीच घालवू नका. ते मुले आपणहून शिकतात. एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला रीतसर मानधन देऊन अर्धा दिवस बोलवा आणि तुमच्याच चालू प्रकल्पांच्या नकाशांवर त्यांना लाल पेन चालवू द्या. कोणत्याही तयार अभ्यासक्रमापेक्षा त्यातून जास्त मिळेल.

अग्निसुरक्षेसाठी दुसरा मार्ग आहे. राज्याच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ती तपासणी चालू असताना तुमच्या सहायकांना त्या माणसाबरोबर सर्व मजले फिरू द्या. आपणच बसवलेल्या सीलिंगच्या फळीने स्प्रिंकलर कसा झाकला जातो, हे तेथे दिसते.

तिसरी गोष्ट जवळजवळ फुकट आहे. एक व्हीलचेअर भाड्याने आणा आणि तुम्ही केलेल्या एखाद्या दवाखान्याच्या स्वच्छतागृहात ती वळवून पाहा. सुगम्यतेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वळण्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा सांगितली आहे आणि नकाशात ते वर्तुळ आपण सगळेच काढतो. पण वॉशबेसिनखालचा सांडपाण्याचा बाटलीसारखा नळ (बाटली-ट्रॅप) आणि आत उघडणारे दार त्या वर्तुळात किती घुसतात, हे खुर्चीवर बसल्यावरच उमगते.

ठाणेकर_वास्तु
रंगरेषा यांच्या तिन्ही सूचना चांगल्या आहेत आणि एकीलाही सक्तीची गरज नाही, याची नोंद घ्यावी.

सांगाडा
ठाणेकर, ज्या कार्यालयाचा प्रमुख असा धागा काढतो, त्याला सक्तीची गरज नसतेच. जो कधीच विचारणार नाही, त्याचे काय करायचे? माझे मत असे आहे की आग, संरचना आणि अपंगांसाठीची सुगम्यता एवढ्या तीनच विषयांची लहानशी सक्ती असावी, तीही उत्पादकांच्या व्याख्यानांना वगळून. सौंदर्यदृष्टी, साहित्य, संगणक हे ज्याचे त्याने पाहावे.

ठाणेकर_वास्तु
तीनच विषय असतील, व्याख्याने मराठीतही होतील आणि ती ठाण्यात किंवा कल्याणला संध्याकाळी घेतली जातील, तर माझा विरोध बराच सौम्य होईल. परीक्षा मात्र नको. या वयात पर्यवेक्षकासमोर बसण्याची माझी तयारी नाही.

ओळंबा
रंगरेषा, इंजिनिअरच्या अर्ध्या दिवसाची कल्पना स्वीकारतो. नवशिकी यांचा प्रश्न दोघांनाही विचारला. मुलाने सांगितले की त्याने लिफ्टचा खड्डा कधी आतून पाहिलेला नाही, आणि मुलीने सुताराच्या कारखान्यात प्रेसखाली चिकटणारे लॅमिनेट पाहिलेले नाही. दोन्ही गोष्टींची व्यवस्था करतो आहे. सांगाडा, आपण मुंबईत असाल तर लाल पेन आपलाच चालावा, अशी विनंती आहे. मानधनाचे निरोपात बोलू.

सांगाडा
आनंदाने येईन. चालू प्रकल्पांचे नकाशे आठवडाभर आधी पाठवा, आणि मूळ इमारतीचा स्ट्रक्चरल नकाशा मिळवण्याचा प्रयत्न आत्ताच सुरू करा, त्याला वेळ लागतो.

सोसायटी_सेक्रेटरी
अर्जात ती ओळ घालण्याचा विषय आमच्या समितीच्या पुढच्या बैठकीत मांडते आहे. एक विचारायचे राहिले: त्या अर्ध्या दिवसाला आमच्या सोसायटीचे नेहमीचे प्लंबर आणि ठेकेदार येऊन बसले तर चालेल का? भोके शेवटी तेच पाडतात.

ओळंबा
अवश्य पाठवा. फक्त जागा लहान आहे, त्यामुळे किती जण येणार ते आधी कळवा.